माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली? आधी हे वाचा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता परिसरात जुन्या वाड्यात गोणपाटात गुंडाळलेली दुनळी निघाली, तर दोन प्रश्न पडतात : ही कुठली, आणि घरात ठेवता येते का?

ओळख : दारू नळीच्या तोंडातून भरायची असेल तर ती ठासणीची. मधून मोडून काडतूस घालायची असेल तर बहुधा बारा बोर. नळीखालचे ठसे पाहा. मुकुटाखाली 'बीपी' म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची तपासणी, १९०४ किंवा त्यानंतरची. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, असू शकते. आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असे नाही. चाचणीबार काढूच नका.

कायदा : "शंभर वर्षं जुनी, मग परवाना कशाला?" हा गैरसमज आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार सूट आहे ती दुरुस्तीनंतरही चालूच शकणार नाही अशा जुन्या शस्त्राला. हे आपण ठरवायचं नाही. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैद आहे.

काय करावं : पोलीस ठाण्याला कळवा आणि बंदूक तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, जुना परवाना जोडून अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ती सोय आहे.

परवाना मिळाला तरी शिकार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहेच.