सफाईचं काम बाहेर द्यायचंय? सही करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा



होमस्टे, क्लिनिक, क्लासेस किंवा दुकान काढताना आपण फर्निचरचा खर्च धरतो, बोर्डाचा धरतो. सफाई मात्र "बघू, कोणीतरी बाई ठेवू" म्हणून सोडून देतो. दापोलीत हे महागात पडतं. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, भिंतींवर बुरशी, अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ, पाहुण्यांच्या पायाला लाल माती. मुरुड, कर्दे, लाडघरला तर खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचं लोखंडही गंजतं. आणि पाहुणा रिव्ह्यू लिहितो तो बाथरूमचा!

सफाई हा धंदा किती मोठा होऊ शकतो बघा. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ मध्ये पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात आठ माणसांवर हाउसकीपिंगचं काम सुरू केलं. त्यातून बीव्हीजी उभी राहिली आणि पुढे संसद भवनाच्या सफाईपर्यंत पोहोचली. म्हणजे सफाईला पद्धत असते, यंत्रं असतात, हिशोब असतो. तुमचं काम चार खोल्यांचं असलं तरी पद्धत हवीच.

आधी ठरवा : रोज माणूस हवा की ठरावीक वेळी टीम?

चार-पाच खोल्या असतील, तर रोजच्या कामाला गावातलंच माणूस पगारावर ठेवा. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सीझनआधी मशीनवाली टीम बोलवा. खोल्या जास्त असतील तरच महिन्याचं कंत्राट परवडतं का ते बघा.

मग हे सहा प्रश्न

१. नक्की काय काय करणार? "पूर्ण सफाई" हा शब्द कागदावर चालत नाही. रोजचं (फरशी, बाथरूम, कचरा), आठवड्याचं (पंखे, काचा, जाळ्या) आणि महिन्याचं (गाद्या, पडद्यांमागची बुरशी) अशी तीन रकान्यांची यादी करा. सामान कोण आणणार तेही त्यातच लिहा.

२. दर जीएसटीसह की वेगळा? सफाई सेवेवर साधारण १८ टक्के जीएसटी लागतो. १५,००० रुपये ठरले, तर बिल १७,७०० चं येईल. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणी लागत नाही, पण मग तो बिलात जीएसटी लावूही शकत नाही. बिलावरचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो.

३. कोणतं केमिकल, कुठे? ॲसिडने फरशीची चमक जाते, मार्बल तर खराबच होतो. त्याहून गंभीर म्हणजे ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. टीमच्या माणसाला विचारा, "या दोन बाटल्या एकत्र वापरता का?" तो "हो, चांगलं निघतं" म्हणाला, तर तिथेच थांबा. बाथरूमचा मॉप खोलीत फिरत नाही ना, तेही बघा. चांगल्या टीम रंग वेगळे ठेवतात.

४. सेप्टिक टँक कोण उपसणार आणि कसा? इथे तडजोड नाही. २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा म्हणतो "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष", म्हणजे "मी तर कंत्राट दिलं होतं" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. टाकीतला वायू दिसत नाही. माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. दोन पैसे जास्त गेले तरी सक्शनची गाडीच बोलवा.

५. गणपतीत काय? कोकणात हा प्रश्न विचारायलाच लागतो! सगळे घरी गणपतीला, शिमग्याला पालखीला. बदली माणूस कोण, आणि आला नाही तर पैसे किती कापणार, हे आधीच लिहून घ्या.

६. माणसांना काय मिळतं? पगार वेळेवर होतो का, हातमोजे-बूट देतात का, अपघात झाला तर खर्च कोणाचा? सगळ्यात कमी कोटेशन आलं की मी पहिलं हेच विचारते. पैसा कुठूनतरी वाचवलेला असतो, बहुतेक वेळा माणसाच्या पगारातून. असं माणूस टिकत नाही, आणि दर महिन्याला नव्या माणसाच्या हातात तुमच्या खोल्यांच्या चाव्या जातात.

सही करताना

एकदम वर्षाचं कंत्राट नको. आधी पंधरा दिवस चाचणी, मग तीन महिने. दोन्हीकडून महिन्याची नोटीस ठेवा. येणाऱ्या माणसांची ओळखपत्रं घ्या, पोलीस पडताळणी मागा. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जा आणि थेट बाथरूम बघा. फोनवर सगळेच "छान आहेत" म्हणतात.

शेवटचं काम तुमचं. रोज दहा मिनिटं यादी हातात घेऊन फिरा. मालक बघतो हे कळलं की काम आपोआप नीट होतं.

आज एवढंच करा : वहीत तीन रकाने आखा आणि तुमच्या जागेची यादी लिहून काढा. कोटेशन त्यानंतर मागवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!