तीन चिपटी

मागच्या पडवीच्या पायरीशी एक फुटकी उखळी पडलेली असायची. ती मोतीची. १९८०च्या दशकात आमच्या कर्जतच्या घरात कुत्र्याला वेगळं भांडं नव्हतं, वेगळं अन्न तर नव्हतंच. सकाळी पेज उरली तर पेज, दुपारी कालवणाच्या रश्शात कुस्करलेली तांदळाची भाकरी, बाजाराच्या दिवशी सुक्या बोंबलाची मुंडकी, आवणीच्या दिवसांत मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची टरफलं. आजी घरातला तांदूळ चिपट्या-मापट्यांनी मोजायची. उखळीत काय पडलं ते कधी कुणी मोजलं नाही. उरलं तेवढं त्याचं.

आज कुत्र्याच्या खाण्याचा विषय निघाला की आमच्या पिढीतला एकजण हमखास म्हणतो, “आमची कुत्री काय पेडिग्री खाऊन जगली?” जगली खरी, पण आम्ही मोजतो ती जगलेलीच. मोतीच्या आईला दर खेपेला पाच-सहा पिल्लं व्हायची आणि पावसाळा सरेपर्यंत त्यातलं एखादं उरायचं. बाकीची कशाने गेली, उपासमारीने, जंतांनी की तापाने, ते विचारायची रीत नव्हती. मोती स्वतः किती वर्षं जगला याची आमच्या घरात आजही तीन उत्तरं मिळतात.

भाताला मात्र दोष देणार नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेझच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण. म्हणजे मोतीला पेज पचत होती. फक्त पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं, हे आम्हाला कळायला १९९४ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी काकांनी मुंबईहून अल्सेशियनचं पिल्लू आणलं. त्याची बडदास्त म्हणजे दूधभात, आणि वर रोज उकडलेलं बिनहाडाचं मटण. घरातल्या पोरांना रविवारी मिळायचं ते त्याला रोज. चार महिन्यांचं होईतो त्याचे पुढचे पाय कंसासारखे वाकले आणि उठताना ते कण्हायला लागलं. आम्ही त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, तेव्हा बाहेर लाकडी खोड्यात बैल उभा होता. त्या काळी इथल्या डॉक्टरांचा दिवस लाळ-खुरकत, फऱ्या आणि अडलेल्या गाई यांतच जायचा. जिल्हा परिषदेच्या श्रेणी-१च्या दवाखान्यात डॉक्टर, श्रेणी-२च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक, अशी ती व्यवस्था गुरांसाठी बांधलेली. कुत्र्यासाठी म्हणून मोठ्या दवाखान्यात जायचं तर गाडी करून परळ गाठायचं. १८८३ साली सुरू झालेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय तिथे आहे आणि १८८६चं पशुवैद्यक महाविद्यालयही तिथलंच.

आमच्या डॉक्टरांनी परळला पाठवलं नाही. पिल्लाला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “खायला काय देता?” काकांनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “चांगलं देता. म्हणूनच असं झालंय.” नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लाला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम थोडं जास्तच लागतं. अन्नातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. गावात याला सरसकट मुडदूस म्हणत. डॉक्टरांनी मोजून कॅल्शियम लिहून दिलं, मटण पाव केलं आणि दोन महिने उड्या बंद केल्या. पाय सावरले, थोडा बाक उरला.

ही गोष्ट आळीत पसरली आणि जो तो पिल्लाच्या दुधात कॅल्शियमचं औषध ओतायला लागला. थोराड जातींच्या पिल्लांना हे उलटं बाधतं. आतड्यात आलेलं जादा कॅल्शियम नाकारण्याची शक्ती त्यांच्यात अजून आलेली नसते. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या हेझविंकेल यांनी १९८०च्या दशकातच ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं होतं. आमच्या आळीत ते कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी बाटली स्वस्त होती.

मग २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. खालापूर, चौक, खोपोलीपासून कर्जत, कोंदिवडे, कशेळ्यापर्यंत भाताच्या खाचरांना तारेचं कुंपण पडलं, मुंबईकरांच्या फार्महाऊसची फाटकं बसली आणि फाटकामागे रॉटवायलर, लॅब्रेडोर, उन्हाळ्यात जीभ लोंबवत धापा टाकणारा एखादा सेंट बर्नार्डसुद्धा आला. खतं-बियाण्यांच्या दुकानात सरकीच्या पोत्यांशेजारी कुत्र्याच्या कोरड्या खाण्याच्या पिशव्या दिसू लागल्या. पेडिग्री हे एका ब्रँडचं नाव आहे हे लोक विसरले. “रॉयल कॅनिनची पेडिग्री आहे का?” असं विचारणारं गिऱ्हाईक मी स्वतः ऐकलं आहे.

या फार्महाऊसच्या कुत्र्यांचं एक खास दुखणं होतं. सोमवार ते शुक्रवार वॉचमनच्या घरची भाकरी नाहीतर पिशवीतले दाणे. शनिवारी मालक आले की चिकन, चीज, केक. सोमवारी जुलाब. तोवर तालुक्यात खासगी पशुवैद्यही आले होते. त्यांच्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला सांगितलं, की सोमवारी सकाळी फोन वाजला की ते “काल काय खाल्लं?” एवढंच विचारतात. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभरात बदला, आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, हे ते प्रत्येकाला सांगायचे. पण मालकाची सुट्टीच दोन दिवसांची.

सगळ्यात गंमत वाटली ती धान्यविरहित खाण्याची. कर्जत म्हणजे भाताचं गाव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथलं, कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही वाणं इथल्या नावाची. आणि त्याच भाताच्या बांधाला लागून असलेल्या बंगल्यात कुत्र्यासाठी तांदूळ नसलेली, वाटाणा-मसूर घातलेली, दुप्पट किमतीची परदेशी पिशवी येऊ लागली. कारण काय, तर लांडगा कुठे भात खातो? २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. संबंध पक्का सिद्ध झाला नाही, पण अनेक पशुवैद्यांनी ती पिशवी मुद्दाम सुचवणं सोडलं. ज्या कुत्र्याला धान्याची ॲलर्जी नाही त्याचा भात काढून काय मिळवायचं, हा आमच्या आताच्या डॉक्टरांचा प्रश्न मला पटतो.

टाळेबंदीत, २०२० साली, मुंबईची मंडळी महिनोन् महिने इथेच राहिली. कुत्र्यांना पहिल्यांदाच सातही दिवस एकसारखं खाणं मिळालं असेल. पण बंगल्यांत वीस-वीस किलोची पोती साठली आणि पाऊस लागला. आमचा पाऊस भिंतीला शेवाळ आणतो, पोत्याला सोडतो थोडाच. दमट दाण्यांवर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते यकृतावर जातं आणि शिजवून, भाजून नाहीसं होत नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात अमेरिकेत अशाच विषाने दूषित झालेल्या खाण्यामुळे सत्तरहून जास्त कुत्री दगावल्याची नोंद झाली. तिथे दोष कारखान्यातून आलेल्या मालात होता. आमच्याकडे कोठीतही तो निर्माण होऊ शकतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर डॉक्टर तीन किलोच्या वरची पिशवी घेऊ देत नाहीत. दाणे मूळ पिशवीतच ठेवायचे, तोंड घट्ट बांधून ती पिशवी पत्र्याच्या डब्यात.

पावसाळ्यातली दुसरी चूक मी स्वतः केली. आमच्या आताच्या कुत्रीने जुलैत खाणं सोडलं. मी पिशवी बदलली, मग पुन्हा बदलली, मग वर चिकनचा रस्सा घातला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक. गोचिडाचा ताप होता. खाण्यात काही बिघडलंच नव्हतं, आणि माझे चार दिवस दुकानात गेले होते.

ती बरी झाली, आणि कौतुकाने जाड झाली. मग डॉक्टरांनी पिशवी, कंपनी, चव यांतलं काहीच न विचारता तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. तिच्या लागत नव्हत्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अठ्ठेचाळीस लॅब्रेडोर जन्मभर जोडीजोडीने वाढवले होते. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले. अभ्यास कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या कंपनीनेच केलेला, तरी निष्कर्ष कमी खायला घाला असा. म्हणून माझा त्यावर विश्वास बसला.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. वीस किलो हे तिचं योग्य वजन. नुसतं पडून राहायला साधारण ६६० उष्मांक. नसबंदी झालेल्या, अंगणात फिरणाऱ्या कुत्रीला त्याच्या दीडपट किंवा थोडे जास्त. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे, म्हणजे दिवसाला तीनशे ग्रॅमच्या आत. “आणि चहाबरोबरची बिस्किटं?” त्यांनी विचारलं. मी गप्प. शंभर ग्रॅम गोड बिस्किटांत साडेचारशे उष्मांक असतात.

घरी तिला खायला घालणाऱ्या मावशींना ग्रॅम सांगून उपयोग नव्हता. वजनकाटा त्यांना कटकटीचा वाटतो आणि पिशवीसोबतचा प्लास्टिकचा कप पहिल्याच आठवड्यात हरवला. त्यांनी फळीवरून आजीचं पितळी चिपटं काढलं. पुढच्या वेळी लसीला गेलो तेव्हा मी ते सोबत नेलं. डॉक्टरांनी सपाट भरून काट्यावर ठेवलं. दाणे पंच्याण्णव ग्रॅम भरले. त्यांनी केसपेपरवर लिहिलं: सकाळी दीड चिपटं, संध्याकाळी दीड. मग थोडं थांबून खाली अजून एक शब्द टाकला: सपाट.