चाड्यावरची मूठ

तिफण म्हणजे बाभळीचं दिंड, त्यात ठोकलेले तीन फण, फणांमागचे तीन नळे आणि वर लाकडी चाडं. बी मोजून सोडणारा भाग यात कुठेच नाही. ते काम चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचं. बैलांच्या चालीने चालत, बोटांच्या फटीतून तिन्ही छिद्रांत सारखं बी सोडायचं. मूठ सैल पडली की पीक दाट होतं, हात थांबला की तासात नांग्या पडतात. ज्वारीची मूठ वेगळी, मुगाची वेगळी. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू शेतीतलं हे सर्वांत अवघड काम आहे असं मी मानतो, आणि ते करणारीचं नाव सातबाऱ्यावर बहुधा नसतं.

तयारी उन्हाळ्यातच सुरू होई. नांगरट तापली की वखराच्या पाळ्या. तिफण सुताराकडे, फणांचं लोखंड लोहाराकडे. त्यांचं बलुतं खळ्यावर, धान्यात. औताला लाल कंधारी नाही तर देवणी जोडी, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून पारखून आणलेली. मृग ७ जूनच्या आसपास निघतो. पण पेरायचं ते ओल पाहून. परभणीचं कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. जुनी माणसं माती मुठीत दाबून वाफसा बघत. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी आणि सावकाराचं दार.

रानात एकच पीक नसे. ज्वारीत मूग, उडीद, अंबाडी. तिफणीमागे दोरीने बांधलेल्या मोघ्यातून दुसरी बाई तुरीचं तास धरी. मूग-उडीद आधी घरात येई, मग ज्वारी, आणि तूर थेट संक्रांतीच्या सुमारास. एका पावसाने दगा दिला तरी सगळं बुडत नसे. रब्बीला हीच तिफण खोल लावून ज्वारी, करडई पेरायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शिवारात भज्जी-आंबील व्हायची ती ज्वारी-हरभऱ्याच्या उभ्या पिकात.

मग सोयाबीन आलं, ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं. दोन-तीन एकरांवर बैलजोडी वर्षभर पोसणं परवडत नाही, कडब्याचा भाव बघितला की ते पटतं. बाईची दिवसभराची पायपीट वाचली, हेही चांगलंच झालं. मला हळहळ वाटते ती तुरीच्या तासाची. रानभर एकटं सोयाबीन, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस आला की वर्षाची कमाई पाण्यात. विद्यापीठाची शिफारस आहे, सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. यंत्राच्या पेटीत कप्पे असतील तर दोन नळ्यांना तूर देता येते. येत्या मृगाला निदान एका एकरात ते करून बघावं.