तू, उस्तेद आणि अरे-तुरे

स्पॅनिश शिकायला बसलं की पहिला सुखद धक्का 'तू'चा! उच्चार तोच, अर्थही तोच. अरे-तुरे करणे याला तर त्या भाषेत चक्क स्वतंत्र क्रियापद आहे, 'तुतेआर'. अहो-जाहोसाठी 'उस्तेद'. 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या आदरार्थी संबोधनाचं हे झिजलेलं रूप. म्हणून त्याला क्रियापद लागतं ते तृतीय पुरुषातलं: 'तू किएरेस' (तुला हवंय), पण 'उस्तेद किएरे'. "रावसाहेब चहा घेणार ना?" असं खुद्द रावसाहेबांनाच विचारतात, त्यातलाच प्रकार.

आम्ही दोघं ह्यूस्टनला राहतो. रात्री जेवणं आटोपली की ड्युओलिंगो उघडून बसतो. 'पाणी हवंय का?' हे वाक्य इंग्रजीतून येतं, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे बहुतेक वेळा 'किएरेस' लिहा नाहीतर 'किएरे', दोन्ही बरोबर. व्याकरण म्हणून ठीकच आहे. पण पाणी कोणाला विचारतोय, हे त्या पडद्याला कुठे ठाऊक?

गेल्या उन्हाळ्यात छप्पर दुरुस्तीला एक मेक्सिकन गृहस्थ आले होते, साठीच्या पुढचे. पैसे आपण देतो म्हणून त्यांना 'तू' म्हणायचं? आम्ही 'उस्तेद' म्हटलं. कामाला येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसालाही अरे-तुरे करायची आपल्याकडची जुनी खोड निदान नव्या भाषेत तरी नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अर्थात देश बदलला की रीत बदलते. बोगोटात मित्रमित्र, कित्येक घरांत नवरा-बायकोही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस'. ड्युओलिंगोचे एक संस्थापक लुईस फॉन आन ज्या ग्वाटेमालाचे, तिथेही 'वोस' सर्रास चालतं. धडे मात्र फिरतात 'तू' आणि 'उस्तेद'भोवती. देवाला ती मंडळी 'तू'च म्हणतात, आपण विठोबाला म्हणतो तसंच.

आमची मुलगी हायस्कुलात स्पॅनिश शिकते. पुण्याला फोन लावला की आजोबांनाही "तू जेवलास का?" हे ठरलेलं. "अगं, आजोबा म्हणजे उस्तेद," एवढं सांगितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या रविवारी "आजोबा, तुम्ही जेवलात का?" आजोबा क्षणभर गप्पच झाले. मग आजीची पाळी आली.

"आजी, तुम्ही..."

"मला गं कशाला तुम्ही? मला आपलं तूच म्हण."


"म्हणजे तुतेआर!" आमची कन्या ओरडली.