माकडहाड : निरुपयोगी नव्हे, दुर्लक्षित

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून कोणी बसल्या जागी आपटले, तर पाहणाऱ्यांना हसू आवरत नाही. ज्याला लागले त्याला मात्र पुढे कित्येक आठवडे नीट बसता येत नाही. माकडहाडाचे दुखणे हा थट्टेचा किंवा संकोचाचा विषय मानला जात असल्यामुळे ते सांगण्यापेक्षा सोसण्याकडेच अनेकांचा कल असतो. या लहानशा हाडाचे कार्य समजून घेतल्यास ही उपेक्षा योग्य नाही, हे सहज पटेल.

रचना

पाठीच्या कण्यात साधारणतः ३३ मणके असतात. त्यांपैकी अगदी शेवटचे ३ ते ५, बहुधा ४, मणके मिळून माकडहाड बनते. त्याच्या वर त्रिकास्थी असते. म्हणून शास्त्रीय परिभाषेत यास ‘अनुत्रिक’ म्हणतात. प्राचीन ग्रीकांना त्याचा आकार कोकीळकुळातील पक्ष्याच्या चोचीसारखा वाटला. ‘कॉक्सिक्स’ हे नाव त्यावरूनच आले.

गर्भाला आरंभीच्या काही आठवड्यांत शेपटीसारखा भाग असतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास तो नाहीसा होतो. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माकडहाडाची गणना पूर्वजांच्या शेपटीच्या अवशेषांत केली. परंतु अवशेष म्हणजे निरुपयोगी वस्तू, असा समज पुढे रूढ झाला आणि तो बरोबर नाही.

कार्य

ओटीपोटाच्या पोकळीचा तळ स्नायूंच्या झोळीने बनलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय या अवयवांना ही झोळी खालून आधार देते; मलमूत्राच्या नियंत्रणातही तिचा वाटा असतो. या झोळीचे मागील टोक माकडहाडाशी बांधलेले असते. नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही तंतूही येथेच जोडलेले असतात.

बसताना शरीराचा भार मुख्यतः दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर पडतो. मागे रेलताच त्या भारात माकडहाड वाटेकरी होते आणि जणू तिवईचा तिसरा पाय बनते. प्रसूतीच्या वेळी ते किंचित मागे सरकते व बालकाला बाहेर येण्यास अधिक जागा मिळते.

दुखणे आणि संकोच

प्रसूतीशास्त्राचे ख्यातनाम तज्ज्ञ जेम्स सिम्प्सन यांनी १८५९ साली या दुखण्याला स्वतंत्र वैद्यकीय नाव दिले. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये ते सुमारे पाचपट आढळते. पडणे, कठीण प्रसूती, कठीण जागी दीर्घकाळ बसणे आणि स्थूलता ही त्याची प्रमुख कारणे होत. वजन फार घटल्यास नितंबावरील मेदाची गादी कमी होते व त्यामुळेही त्रास होऊ शकतो. बसल्यावर, विशेषतः बसून उठताना, येणारी तीव्र कळ हे त्याचे ठळक लक्षण होय. बाळंतपणानंतर ‘असे व्हायचेच’ म्हणून अनेक स्त्रिया ही वेदना मुकाट्याने सहन करतात. वास्तविक, बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात.

काय करावे ?

बसताना किंचित पुढे झुकावे. माकडहाडावर दाब येऊ नये म्हणून मागील बाजूस खाच असलेली उशी वापरावी. थोड्या थोड्या वेळाने उठून चालावे. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने आराम पडतो. शौचाच्या वेळी जोर करावा लागल्यास वेदना वाढते. म्हणून पालेभाज्या, फळे व पुरेसे पाणी घ्यावे. हाड ‘बसवून’ देण्यासाठी अप्रशिक्षित व्यक्तीकडून ओढाताण मात्र कदापि करवून घेऊ नये. दुखणे न थांबल्यास स्नायूंचे व्यायाम वा इंजेक्शन यांचा सल्ला डॉक्टर देतात. हाड काढण्याची वेळ क्वचितच येते.

वेदनेबरोबर ताप, सूज, पू, पायात बधिरपणा किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. एरवीही काही आठवड्यांत आराम न पडल्यास नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. सुनेला, लेकीला वा वृद्ध आईला बसताना त्रास होत असेल, तर कुटुंबीयांनी आपणहून विचारपूस करणे अगत्याचे आहे. संकोच दूर झाला, की उपचाराचा निम्मा मार्ग सुकर होतो.