घामाचे दाम आणि पंचेचाळीस दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहान उद्योगांसाठी सरकार काय करते, असे कुणी विचारले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: कर्ज आणि अनुदान. त्या आहेतच. तारणाशिवाय दिलेल्या कर्जाला हमी देणारी योजना २००० सालापासून आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आणि मुद्रा कर्ज २०१५ पासून. पण आज मला तिसऱ्याच मदतीविषयी बोलायचे आहे. तिच्यात सरकार आपल्याला एक पैसाही देत नाही. आपणच केलेल्या कामाचे पैसे आपल्याला वेळेत मिळावेत, एवढीच ती व्यवस्था. माझा अनुभव असा, की कारखाना जगतो तो याच मदतीवर.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येते. ते लेथवर चढवून, भोके पाडून, मापात आणून आम्ही पुढे देतो. १९९४ मध्ये दोन लेथवर सुरुवात केली. २०११ मध्ये सहा मशिने आणि नऊ माणसे होती. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीकडे माझे चार लाख रुपये आठ महिने अडकले.

दर सोमवारी मी त्यांच्या हिशेब खात्यात जाऊन बसायचो. ‘चेक तयार आहे, साहेबांची सही तेवढी राहिलीय,’ हे उत्तर ठरलेले. इकडे पगार, विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता सहीसाठी थांबत नव्हते. शेवटी पगारासाठी कर्ज काढले. म्हणजे पैसे माझे, वापरणार ते आणि व्याज भरणार मी! दिवाळीला निम्माच बोनस देता आला. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे असलेला टर्नर म्हणाला, ‘मालक, तुमची अडचण कळते मला, पण पोरांच्या फीला ती कळत नाही.’ तो दुसरीकडे गेला. पैसे पुढे आले; माणूस मात्र परत आला नाही.

याची खंत अधिक वाटते ती एका कारणाने. ज्या कायद्याने मला आधार दिला असता, तो तेव्हा अमलात येऊन पाच वर्षे झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्यातले चार मुद्दे साध्या भाषेत सांगतो.

पहिला मुद्दा मुदतीचा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे. पण तो दिवस माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता कामा नये. करारच नसेल, तर मुदत पंधरा दिवसांची. करारात नव्वद दिवस लिहून घेतले, तरी कायदा पंचेचाळीसच मोजतो.

दुसरा मुद्दा सबबीचा. मालात खोट असेल तर ती माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी लागते. तसे कळवले नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. सहा महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर ‘तुमचे जॉब मापात नव्हते’ म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

तिसरा मुद्दा व्याजाचा. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. समजा बँक रेट साडेपाच टक्के धरला, तर व्याजाचा दर साडेसोळा टक्के. एक लाख रुपये सहा महिने रखडले, तर व्याज साधारण साडेआठ हजार होते.

चौथा मुद्दा दाद मागण्याचा. त्यासाठी राज्य सरकारने नेमलेली सुविधा परिषद आहे. ती आधी समेट घडवून पाहते, तो न झाल्यास लवादाने निवाडा होतो. निवाड्याला आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. २०१७ मध्ये ‘समाधान’ या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करण्याची सोय सुरू झाली. कायद्यात नव्वद दिवसांची मुदत लिहिली आहे; प्रत्यक्षात निकालाला बराच जास्त वेळ लागू शकतो, हेही मनाशी धरून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे आहे तर लोक तक्रार का करत नाहीत? उत्तर एकच: भीती. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? ही भीती खोटी नाही. म्हणूनच २०२३ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराच्या बाजूने एक बदल झाला. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यावर कर भरावा लागतो. तक्रार न करताही दट्ट्या बसतो, तो असा. त्या मार्चमध्ये मला आयुष्यात पहिल्यांदाच एका कंपनीतून फोन आला, ‘तुमचे काही येणे बाकी आहे का?’

आणखी एक वाट आहे ‘ट्रेड्स’ची. या ऑनलाइन मंचावर खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात. थोडा बट्टा कापून पैसे आपल्याला लगेच मिळतात आणि मुदतीच्या दिवशी वसुली खरेदीदाराकडून होते. अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची केलेली आहे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, ऑनलाइन आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. कुणी दोन हजार रुपये मागितले तर देऊ नका. नोंदणी ऑर्डर घेण्याआधी करा, तिचा क्रमांक बिलावर छापा, माल पोचल्याची सही चलनावर घ्या. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही उद्यम क्रमांक मिळतो, पण थकीत देण्याचे हे संरक्षण त्यांना नाही. काही अडले तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

जाता जाता एक कबुली. हा कायदा समजून घेतल्यावर मी माझीच वही उघडली. ज्याच्याकडून मी टूल धार लावून घेतो, त्या माणसाची तीन महिन्यांची बिले माझ्याकडे पडून होती. तो बिचारा दर शनिवारी यायचा आणि मी म्हणायचो, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन त्याचे पैसे दिले. मोठ्यांनी आपल्याला वेळेत द्यावे, असे वाटत असेल, तर आपल्यापेक्षा लहान माणसाचा पंचेचाळिसावा दिवस आपणही मोजला पाहिजे.