मोटारीचा निळा धूर काय सांगतो?

घाट उतरून आलेली एखादी जुनी मोटार पुन्हा वेग घेऊ लागताच तिच्यामागे निळसर धुराचा लोट निघालेला तुम्ही पाहिला असेल. कधी सायलेन्सरमधून ‘फट् फट्’ असे बारही ऐकू येतात. “गाडी ऑईल खाते, इंजिन उघडा,” असा सल्ला लगेच मिळतो. पण इंजिन उघडणे हे मोठ्या खर्चाचे काम. ते खरोखरच आवश्यक आहे का, हे आपले शालेय भौतिकशास्त्र बरेचसे सांगू शकते.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या या गाडीचे मूळ पेट्रोल इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि कार्ब्युरेटरचे होते.

प्रथम धुराचा रंग पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ती कार्बनची काजळी होय. थंडीच्या सकाळी दिसून लगेच विरणारा पांढरा धूर म्हणजे थंड होऊन सूक्ष्म थेंब झालेली पाण्याची वाफ. निळसर धूर मात्र वंगणाच्या तेलाचा. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब निळा प्रकाश अधिक विखुरतात. काळ्या पार्श्वभूमीवर उदबत्तीचा धूर निळसर दिसतो तोही याच कारणाने.

हे तेल ज्वलनाच्या जागी पोहोचते कसे? वाटा मुख्यतः दोन. दट्ट्यावरील रिंगा झिजल्या, की तेल खालून वर येते. झडपेचा दांडा ज्या नळीत सरकतो ते गाईड किंवा त्यावरील सील झिजले, की तेल वरून खाली झिरपते.

घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. हवेची वाट जवळजवळ बंद असते, पण दट्टे हवा ओढतच राहतात. त्यामुळे आतल्या नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा पुष्कळ कमी होतो आणि झिजलेल्या गाईडमधून तेल आत खेचले जाते. पुन्हा वेग घेताच ते जळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना एकदाच निळा लोट निघाला, तरी संशय गाईडवरच घ्यावा. चढावर, भार असताना सतत धूर येत असेल, तर संशय रिंगांवर.

पण हा झाला अंदाज, पुरावा हवा. मेकॅनिक सगळे प्लग काढून, स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. एखाद्यात दाब कमी आढळला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतो. तेलाने रिंगांच्या फटी क्षणभर बुजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर झडप नीट बसत नसेल किंवा हेडचे गॅस्केट गेले असेल. चारही दाब चांगले आणि घाटानंतरच धूर, तर गाईड किंवा सील पाहावे. मग संपूर्ण इंजिन उघडण्याचे कारण नाही.

आता ‘फट् फट्’. प्लगवर तेलाची काजळी बसली, की वीज काजळीतूनच निसटते आणि ठिणगी पडत नाही. न जळलेले पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये जाते. तेथे सांध्यातील फटीतून हवा शिरली, की ते पेट घेते. म्हणजे धूर आणि बार ही एकाच रोगाची दोन लक्षणे असू शकतात. नेहमीच नव्हे, ठिणगीची वेळ चुकली किंवा एक्झॉस्टची झडप जळली, तरीही बार होतात. काढलेल्या चार प्लगांपैकी एकच तेलकट काळा निघाला, तर रोगी सिलिंडर सापडला.

थोडे गणित करू. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने १००० किलोमीटर जाताना ५० लाख नव्हे, तर ६० लाख वेळा ज्वलन होते. तेवढ्यात एक लिटर, म्हणजे १० लाख घनमिलिमीटर तेल संपले, तर प्रत्येक ज्वलनात जळते ते केवळ एक-षष्ठांश घनमिलिमीटर! एवढ्याशा तेलाची खबर तो निळा धूर आपल्याला देतो.

एक सूचना: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे निरीक्षण कधीही करू नका. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास.